दोन नंबर कुठून मोजायचा

सात रस्ता, सोलापूर
४ जानेवारी २०२५

यशपाल मामांस,

तुमच्या भाचीचा, मनालीचा, जय भीम. मुक्तामामींनाही सांगा.

परवा फोन मीच केला होता. तुम्ही तीनदा "कोण?" विचारलंत आणि चौथ्यांदा "बरं बरं" म्हणून ठेवून दिलात. मी विचारत होते, "इंजिनचं हेड खोलू का?" त्या "बरं बरं"वर विसंबून मी पाना हातात घेतला असता तर तुम्हीच मला बोलला असतात. तुमचे कान गेल्यापासून फोनवर आपलं असंच चालतं, म्हणून पत्र लिहितेय. हसू नका, शाळा सुटल्यानंतरचं पहिलंच पत्र आहे.

अडचण अशी की भिंगरी मिसिंग मारतेय, पळता पळता मध्येच ठोका चुकवतेय. भिंगरी म्हणजे आपली लाल हॅचबॅक, तुम्ही तेवीसच्या दिवाळीत जिचं इंजिन बांधलंत. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत तुम्ही गॅरेज माझ्यावर टाकून केमला गेलात, म्हणजे तुमच्या हातचं ते शेवटचं इंजिन. येत्या नऊ फेब्रुवारीला पुण्याच्या अलीकडे एका खासगी धावपट्टीवर ड्रॅग रेस आहे. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ चारशे मीटर, जो आधी पोचला तो जिंकला. गाडी मीच चालवणार. नाव दिलंय.

सराव मी होटगी रस्त्याकडच्या बंद सूतगिरणीच्या आवारात करते. आत सिमेंटचा सरळ रस्ता आहे आणि वॉचमन सिद्रामप्पा फाटक उघडून देतात. तुम्ही नेहमी म्हणायचात, आकडे सांगू नको, गाडी ऐकव. आता लिहून ऐकवते. उभ्या गाडीला काही नाही. स्लोवर इतकी शहाण्यासारखी चालते की बॉनेटवरचा चहा हलत नाही. पहिला गिअर ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्यात पूर्ण रेस दिली की साडेपाच हजारांच्या पुढे फट होतं, कुणी मागून धरल्यासारखी गाडी क्षणभर अडते आणि पुन्हा पळते. असं एका फेरीत तीन-चारदा. स्कॅनर लावला, तो दोन नंबरचा सिलिंडर दाखवतो. दोन नंबरलाच फट आहे, बाकीचे तिघे गुणी.

प्लग नवे टाकून बघितले. फरक नाही. हे सुटलं नाही तर नाव काढून घ्यावं लागेल, त्याचं मला वाईट वाटेलच, पण त्याहून जास्त वाईट दुसऱ्या गोष्टीचं वाटेल. तुमचं इंजिन धावलेलं मला बघायचंय. काय करू ते कळवा.

तुमची
मनाली


केम
९ जानेवारी २०२५

चि. मनाली, जय भीम.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलेलं नाही, पण इंजिनाचं वर्णन चांगलं केलंयस.

हेड खोलायचं नाही. टॅपेटचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. आधी बाहेरच्या गोष्टी बघ. दोन नंबरची कॉइल चारला लाव आणि चारची दोनला. मिसिंग कॉइलबरोबर चारला गेलं तर कॉइल खराब, दोनलाच राहिलं तर कॉइल निर्दोष. प्लगचंही तसंच अदलाबदल करून बघ. पेट्रोलचा फिल्टर बदल. बॅटरीची अर्थ वायर घासून पुसून घट्ट कर. कॉम्प्रेशन मोज.

आणि आवाज पुन्हा नीट ऐक. फट म्हणजे ठिणगी चुकली. भक म्हणजे पेट्रोल जास्त झालं आणि सायलेन्सरात जाऊन पेटलं. फुस म्हणजे वॉल्व्ह नीट बसत नाही, वारा निसटतोय. तू डोक्यावर हेल्मेट घालून बसतेस आणि हेल्मेटमध्ये फुसचंही फट होऊ शकतं. त्यामुळे तू लिहिलेलं फट मी अजून खरं धरलेलं नाही.

आम्ही बरे आहोत. घराजवळून रेल्वेच्या गाड्या जातात, मला त्या फक्त दिसतात. मामीने तिळाचे लाडू करायला घेतलेत. ती म्हणते, पोरगीला त्या गाडीत बसायचीच काय गरज आहे. मी म्हटलं, तिला विचार.

तुझा
मामा


सात रस्ता, सोलापूर
१४ जानेवारी २०२५

मामा,

लाडू पोचले, अर्धे आईने लपवून ठेवले.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. कॉइल अदलाबदल केली, मिसिंग दोनलाच राहिलं. प्लगची केली, तरी दोनलाच. फिल्टर बदलला, अर्थ वायर चकचकीत केली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं, दोन नंबर कुठेही मागे नाही.

आवाजाचं म्हणाल तर हेल्मेटची शंका फेडण्यासाठी मी सिद्रामप्पांना रस्त्याच्या कडेला उभं केलं. त्यांना फट, भक, फुस काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, काय ऐकू येतं ते सांगा. मी फेरी मारून आले तर ते म्हणाले, "काय न्हाय की हो मनालीबाय, वाळकी काठी मोडल्यागत वाजतंय. कडक वाजतंय आन् लगीच गप." म्हणजे फटच. त्यांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं, टोपी होती.

पुण्याचा अनिमेष, जो लॅपटॉपवर गाड्यांची सेटिंग करून देतो, त्याला विचारलं. तो म्हणतो, बाहेरचं सगळं तपासून झालं असेल तर आता झाकण उघडून टॅपेट बघा. मलाही तेच वाटतं. पण तुम्ही झाकणसुद्धा उघडू नको म्हणालात आणि का ते लिहिलं नाही. नऊ वर्षं तुमच्या हाताखाली होते, कारण न सांगता तुम्ही मला कधी अडवलं नाहीत. काय आहे ते मोकळेपणी सांगा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी पाना लावत नाही.

मनाली


केम
१९ जानेवारी २०२५

चि. मनाली,

कारण आहे. ते मी लपवलं, आणि लपवून तुला दहा दिवस कॉइल आणि फिल्टरमागे पळवलं. आता लिहितो. पूर्ण वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

मी गॅरेज सोडलं तो दिवस तुला आठवतो. मालवाहू टेम्पो आला होता, त्याचं इंजिन आतून ठोकत होतं, तुम्ही सगळे तोंड वाकडं करून उभे होतात आणि मी बॉनेटवर हात ठेवून म्हणालो, इंजिन मस्त आहे. तुमची तोंडं बघितली आणि मला समजलं. तुम्हा सगळ्यांना वाटतं कान तेव्हा गेले. तसं नाही. त्याआधी निदान तीन महिने मला संशय होता.

भिंगरीचं इंजिन बांधलं त्या दिवशी टॅपेट लावून झाले, झाकण बसवलं, इंजिन सुरू केलं आणि नेहमीसारखा एकेका सिलिंडरजवळ कान नेला. टॅपेट आणि वॉल्व्ह यांच्यात हवी तेवढी गॅप असेल तर बारीक टिकटिक येते. एक, तीन, चारला आली असं वाटलं. दोन नंबरला काहीच नाही. टिकटिक अजिबात नाही याचा अर्थ टॅपेट आवळला गेलाय, हे मी तुलाच शिकवलंय. पुन्हा झाकण काढून त्या गॅपमध्ये पाती घालून मोजायला पाच मिनिटं लागली असती. पण तू शेजारी उभी होतीस. तू विचारलं असतंस, मामा, परत का उघडताय? आणि मला सांगावं लागलं असतं की मला नीट ऐकू येत नाही. म्हणून मी स्वतःला सांगितलं, शांत आहे म्हणजे चांगला बसलाय. तुला म्हटलं, ने गाडी.

तुझ्या पहिल्या पत्रात दोन नंबर आणि फट हे शब्द एका ओळीत आले. माझे उस्ताद टॅपेटच्या गॅपला फट म्हणायचे. मी आवाज वाचलाच नाही, टॅपेटची फटच वाचली. तेव्हापासून ती ओळ डोक्यातून जात नाही. सिद्रामप्पा टोपीत ऐको नाहीतर हेल्मेटमध्ये, दोन नंबर म्हटल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

आवळलेला टॅपेट गार इंजिनावर काही दाखवत नाही, कॉम्प्रेशनही चांगलं देतो. इंजिन तापलं की वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळत जातो आणि एक दिवस तुटून आत पडतो. तो पूर्ण रेसमध्ये तुटला तर इंजिन जागच्या जागी धरतं. गाडीत तू असशील. म्हणून सांगतो, रेसमधून नाव काढून घे. झाकण उघड, दोन नंबर तेवढा मोज, बाकीच्यांना हात लावू नकोस, ते ठीक आहेत. आणि मोजून जे निघेल ते मला लपवाछपवी न करता कळव. माझी लाज राखायला जाऊ नकोस. मला तुझी लई काळजी वाटते.

मामा

(याच पाकिटात वेगळ्या कागदावर)

मनाली, तुजी मामी लिवते. ह्यांनी चार दिस झालं नीट जेवन केलं न्हाय. कपाटातनं त्या बारीक पोलादी पात्या काडल्यात आन् बोटांनी चाचपत बसत्यात. इचारलं तर म्हनत्यात, पोरीला धोका दिला मी. काय धोका ते मला सांगत न्हाईत. तू लवकर लिव. आन् गाडी हळू चालव, रेस असली तरी.


सात रस्ता, सोलापूर
२४ जानेवारी २०२५

मामा,

आधी उत्तर, मग बाकीचं. झाकण उघडलं, दोन नंबर मोजला. एका बाजूला आठाच्या जाडीची पाती हवी तेवढी घासून जाते, नवाची जात नाही. दुसऱ्या बाजूला दहाची जाते, अकराची जात नाही. तुम्ही शिकवलंत तसंच आहे, केसाचाही फरक नाही. गार इंजिनावर मोजलं, मग अर्धा तास चालवून तापवलं आणि कॉम्प्रेशन पुन्हा बघितलं. वॉल्व्ह जळायला लागल्याची कसलीच खूण नाही. टॅपेट आवळलेला नाही, मामा.

आता बाकीचं. तुम्ही मला सांगितलं नाहीत याचा राग आला. दोन दिवस आला, खोटं कशाला बोलू. मी तुमच्याजवळ उभी होते आणि तुम्हाला मला सांगायचा संकोच वाटला, हे मला जास्त लागलं. टॅपेटचं नाही लागलं. मग मनात आलं, तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक तुमच्या प्रत्येक कामामागे जाऊन पुन्हा मोजलं असतं आणि तुम्हाला ते दिसलं असतं. त्यामुळे राग गेला.

नाव काढलेलं नाही. मिसिंग अजून आहे, कशामुळे ते माहीत नाही, पण तुमच्यामुळे नाही. जेवत जा. मामींचं पत्र वाचून आई माझ्यावरच चिडली.

मनाली


केम
२८ जानेवारी २०२५

चि. मनाली,

तू मोजलंस आणि बरोबर निघालं असं लिहितेस. माझा विश्वास बसत नाही, आणि तुझ्यावरचा विश्वास उडालाय असंही नाही. तू माझ्या जेवणाची काळजी करून लिहिलंयस असं वाटतं. मामीने चिठ्ठी घातली नसती तर बरं झालं असतं.

मला तो सिलिंडर डोळ्यांसमोर दिसतो. ऑईल बघायची पट्टी जिथे आत जाते, त्याच्या अगदी शेजारचा. कान नेताना पट्टीची कडी माझ्या गालाला लागली होती, म्हणून पक्कं लक्षात आहे. तिथे टिकटिक नव्हती. त्या दोन नंबरचं माप बरोबर कसं असेल, ते मला समजत नाही. तू खरंच त्यालाच पाती लावलीस का? गॅरेजात गर्दी असते, गडबडीत होतं माणसाचं. पुन्हा मोज. आणि मोजेपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे नेऊ नकोस.

मामा


सात रस्ता, सोलापूर
१ फेब्रुवारी २०२५

मामा, तुम्ही कुठून मोजता?

ऑईलची पट्टी दोन नंबरशेजारी नाही. ती तीनशेजारी आहे. तुमचं पत्र वाचलं, बॉनेट उघडलं, दोन्ही बाजूंनी बोट ठेवून मोजलं, आणि मग एकटीच हसत सुटले. मी बेल्टच्या बाजूने मोजते. बेल्टजवळचा एक, गिअरबॉक्सजवळचा चार. स्कॅनरही तसंच मोजतो. तुम्ही गिअरबॉक्सकडून मोजता. आईला विचारलं तर ती म्हणाली, दादा करकंबला ट्रॅक्टरवर शिकला. मग बरोबर आहे. ट्रॅक्टरच्या सीटवर बसलं की आपल्या जवळचा तो एक आणि लांबचा तो चार. तुमचा दोन तो माझा तीन, आणि माझा दोन तो तुमचा तीन.

नऊ वर्षं एका इंजिनावर वाकून काम केलं आणि हे कधी कळलं कसं नाही, याचा विचार केला. तुम्ही "दोन नंबर बघ" म्हणायचात आणि पान्याचं टोक त्या सिलिंडरवर ठेवायचात. मी आकडा कधी ऐकलाच नाही, पाना बघितला. पत्रात पाना दाखवता येत नाही.

म्हणजे स्कॅनर ज्या सिलिंडरला नावं ठेवत होता, त्याच्यावर तुमचा संशयच नव्हता. आणि ज्याच्यावर संशय होता त्याला मी हातही लावला नव्हता, कारण बाकीच्यांना हात लावू नको असं तुम्हीच बजावलं होतं. मग झाकण पुन्हा काढलं आणि चारही मोजले. तुमचा दोन नंबर, पट्टीशेजारचा, आठाची पाती घेतो, नवाची घेत नाही. दुसऱ्या बाजूला दहाची घेतो, अकराची घेत नाही. मी तुमची लाज राखतेय असं वाटू नये म्हणून फोटो छापून सोबत पाठवलाय. पाती, पट्टी आणि पट्टीची कडी, तिन्ही एकाच फोटोत आहेत. मामींनाही दाखवा.

तुमचा टॅपेट बरोबर आहे, मामा. तेव्हाही होता. तुम्हाला टिकटिक ऐकू आली नाही, एवढंच झालं होतं.

आता मिसिंगचं. इंजिन आतून चारही बाजूंनी ठीक आहे हे कळल्यावर मी आत बघणं सोडलं. तुम्हीच म्हणायचात की वॉल्व्हचं दुखणं सुट्टी घेत नाही, ते स्लोवरही कण्हतं. भिंगरी स्लोवर कधी कण्हलीच नाही. मग उभ्या गाडीत नसतं आणि तिसऱ्या गिअरच्या पूर्ण रेसमध्ये असतं असं काय? पूर्ण जोर लागला की इंजिन आपल्या रबरांवर मागे झुकतं. मग झुकल्यावर काय ताणलं जातं ते शोधलं. गाडी स्लोवर ठेवून दोन नंबरच्या कॉइलकडे जाणारी वायर बोटाने जरा मागे ओढली, आणि फट. सोडली, बंद. ओढली, फट. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. कॉइल बदलली तरी वायर जागची हलत नव्हती, म्हणून मिसिंगही हललं नाही.

ती वायर मी बांधली होती. नवा एअर पाइप बसवल्यावर फोटो चांगला यावा म्हणून सगळ्या वायरी प्लॅस्टिकच्या पट्टीने वेणीसारख्या घट्ट आवळल्या होत्या. चूक माझी निघाली याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही. नवी वायर घातली, सैल ठेवली. काल सिद्रामप्पांसमोर पाच फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीनंतर ते म्हणाले, "आता कायच ऐकू येईना की." म्हटलं, तेच हवं होतं.

मनाली


केम
५ फेब्रुवारी २०२५

चि. मनाली,

पत्र पोस्टमनने स्टेशनजवळच हातात दिलं. तिथेच बाकावर बसून वाचलं, मग फोटो बघितला, मग पत्र पुन्हा वाचलं. एक गाडी येऊन गेली ते नंतर फलाट रिकामा दिसला तेव्हा कळलं. घरी जाऊन दोन वेळचं एकदम जेवलो. मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येवड्यासाटी मला महिनाभर उपाशी मानूस बगायला लावलं व्हय?" मी रडलो, तेही लिहून टाकतो, नाहीतर ती तुला लिहीलच.

गिअरबॉक्सकडूनच मोजतो मी. ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यांना तसंच मोजलं. तुझा स्कॅनर उलटा बसून शिकला असेल.

फोटोसाठी वायरी वेणी घालून बांधणारी मेकॅनिक मी तयार केली, हे मात्र कुणाला सांगू नकोस.

आता एक काम करणार आहे. कान दाखवायला कुर्डुवाडीला जातो. इतके दिवस मामी मागे लागली तरी गेलो नाही, त्याचं कारण आता सांगायला हरकत नाही. डॉक्टर तारीख सांगेल याची भीती होती. अमुक वर्षापासून तुम्हाला ऐकू येत नाही असं तो म्हणाला असता, तर त्या वर्षापासून बांधलेलं प्रत्येक इंजिन मी डोक्यात उघडून बसलो असतो. आता तेवढी भीती राहिली नाही.

रविवारी जप. दिवा हिरवा झाल्याशिवाय क्लच सोडू नकोस.

मामा


सात रस्ता, सोलापूर
११ फेब्रुवारी २०२५

मामा,

तिसरी आले. आपल्या वर्गात चौदा गाड्या होत्या.

चार वेळा धावले. पहिल्या फेरीत दिव्याकडे बघतच राहिले आणि समोरची गाडी निघून गेली, तरी शेवटच्या शंभर मीटरमध्ये तिला गाठून मागे टाकलं. तिसऱ्या गिअरला साडेपाच हजार झाले तेव्हा सवयीने माझे दात आपोआप आवळले गेले, आता होणार म्हणून. काही झालं नाही. सहा हजार झाले, साडेसहा झाले, गाडी नुसती पळत राहिली. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने बोलत होते, काय ते आठवत नाही. उपांत्य फेरीत हरले, जिंकलेली गाडी खरंच जास्त ताकदीची होती, तिथे माझी किंवा इंजिनाची काही चूक नव्हती. मग तिसऱ्या नंबरासाठी एक फेरी झाली, ती घेतली.

एका पुणेकराने बॉनेट उघडायला लावून विचारलं, इंजिन कुणी बांधलं? मी सांगितलं, सोलापूरच्या यशपाल मामांनी. त्याने तुमचा फोन नंबर मागितला. म्हटलं, फोनवर ते "बरं बरं" म्हणतील आणि तुम्ही फसाल, पत्ता घ्या.

घरी आल्यावर झाकण पुन्हा काढलं आणि चारही टॅपेट मोजले. संशय म्हणून नाही, रेसनंतर मोजायचे असतात म्हणून. जिथल्या तिथे आहेत.

कानाचं काय झालं ते कळवा. डॉक्टर जे सांगतील ते जसंच्या तसं लिहा. तुम्हीही माझी काळजी करून काही लपवायचं नाही.

मनाली


केम
२० फेब्रुवारी २०२५

चि. मनाली, जय भीम.

तिसरा नंबर वाचून मामीने गल्लीत पेढे वाटले. रेस कसली ते तिला नीट सांगता येत नाही, ती सगळ्यांना सांगते, पोरगी विमानाच्या रस्त्यावर गाडी पळवून आली.

काल कुर्डुवाडीला जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर फोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. जाड आवाज आले तेव्हा दाबलं. मग बराच वेळ काही नाही. मी बाहेर बसलेल्या बाईंना खूण केली, सुरू करा. त्या म्हणाल्या, झालं संपून.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवला. बारीक, टोकदार आवाज आधी जातात म्हणे. चिमणी, घड्याळ, असले. ते माझ्याकडून पूर्ण गेलेत, आणि आजचे नाहीत. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटाने हळूहळू गेलेले असतात, माणसाला पत्ता लागत नाही. मी विचारलं, किती वर्षं झाली असतील? मामीने माझा हात धरला, तिला माहीत होतं मी हेच विचारणार. त्या म्हणाल्या, नक्की नाही सांगता येणार, पण सात-आठ वर्षं तरी झाली असावीत.

मी त्यांना टॅपेटची टिकटिक समजावून सांगितली. किती बारीक असते, इंजिनावर कान कसा न्यावा लागतो. विचारलं, ही मला शेवटची कधी ऐकू आली असेल? त्यांनी आलेखावर बोट ठेवून सांगितलं, तेवढ्या बारीक आवाजांची पट्टी सगळ्यात आधी गेलेली दिसते. म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वीच.

येताना गाडीत मी हिशोब करत बसलो. सात वर्षांत मी दोनशेच्या वर इंजिनं बांधली. प्रत्येकाजवळ कान नेला आणि प्रत्येकाची टिकटिक ऐकली. ऐकून मान हलवली, तू बघितलंयस. त्यातली किती परत आली सांग. सूतगिरणीची जीप आली होती, ती रेडिएटरमुळे. टॅपेटसाठी एकही आलं नाही. मनाली, मला जे ऐकूच येत नव्हतं ते मी सात वर्षं रोज ऐकत होतो, आणि ते बरोबर होतं. फक्त तुझ्या भिंगरीच्या वेळी मला ते ऐकू यायचं थांबलं, आणि तेही बरोबरच होतं.

मग मी काय ऐकत होतो? बाईंना विचारलं तर त्यांना सांगता येईना. मामी म्हणाली, "हातानं पाती घातल्यावर कळतच आसंल की तुमाला. कान उगं न्यायचा." पाती आत जाताना जी घासते ती बोटाला कळायची आणि मी ती कानाला दाखवायला न्यायचो, असंच झालं असणार. मला आता त्याचं हसू येतं. वर्षभर मी केमला येऊन बसलो, आणि हात इथे रिकामे होते.

कानाच्या मशीनचं माप दिलंय, दोन आठवड्यांत मिळेल. मिळालं की मामी दिवसभर काय काय बोलते ते कळणार, त्याची मनाची तयारी करतोय.

मशीनसाठी थांबणार नाही. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने सोलापूरला येतो, पोचलो की सरळ गॅरेजात. माझ्या स्टुलावर तू नटबोल्टचे डबे रचून ठेवले असशील, ते उचलून दुसरीकडे ठेव.

तुझा
मामा